राजाच्या भिंतीवरचं गवत

फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. राजे होते आणि छब्या काढणारेही होते, एवढं पुरे.

एका राजाला आपल्या डोंगराची छबी दरबारात लावायची हौस आली. पाऊस नुकताच सरला होता, आश्विनाच्या उन्हात उतारावरचं गवत सोनेरी झालं होतं. राजाने छबीकार धाडला. त्याचा कॅमेरा धान्याच्या कणगीएवढा, तीन पायांवर उभा. काळ्या कापडात डोकं खुपसून तो डोंगर न्याहाळायचा. काचेवर छबी उमटायला वेळ लागे. तेवढ्यात उतारावर कुणी हललं तरी ती बिघडे. म्हणून त्याने राजाच्या शिक्क्याचा हुकूमच आणला होता. काम संपेपर्यंत उतारावर कुणी पाय ठेवायचा नाही, गवताला विळा लावायचा नाही.

पायथ्याशी एक म्हातारी राहायची. तिची ढवळी गाय उन्हाळाभर याच गवतावर जगायची. गावातली सगळीच गुरं जगायची.

पहिल्याच दिवशी छबी छान निघाली. म्हातारी विळा घेऊन आली.

"झालं न्हवं सायेब? कापू का आता?"

"थांब. उद्या ढग चांगले येतील."

दुसऱ्या दिवशी ढग आले, पण त्याला पसंत पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ऊन तिरपं हवं होतं. असे बारा दिवस गेले.

"आवो, गवत पिकलंय! वरनं पाऊस आला तर कुजंल समदं!" म्हातारी ओरडली.

"तुला कलेतलं काय कळतं?" तो कापडातूनच म्हणाला. तोंड बाहेर काढायचीही तसदी घेतली नाही मेल्याने!

तेराव्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि तीन दिवस कोसळला. उभं गवत आडवं झालं, कुजून काळं पडलं. छबीकार सामान बांधून निघून गेला. आणि दरबारात लागली ती छबी कुठली म्हणता? पहिल्या दिवशीची! सांगताना आजही माझं डोकं तापतं.

चैत्रात ढवळी दावणीलाच मेली. राजाचे घोडेही याच डोंगराच्या गवतावर पोसले जात, पण हे राजाने कधी विचारलंच नव्हतं. वैशाखात पागेतले घोडे कोसळू लागले, तेव्हा तो स्वतः पायथ्याशी आला.

"गवत कुठं गेलं?" तो गरजला.

म्हातारी जागची उठली नाही. "तुमच्याच भिंतीवर टांगलंय की. उतरवा आन् घाला घोड्यांम्होरं. शिक्का तुमचाच हुता न्हवं?"

राजाची मान खाली गेली. त्याने छबी उतरवली, आणि छबीकाराला पाऊस पडेपर्यंत सहा कोसांवरून गावाच्या गुरांसाठी डोक्यावर गवत वाहायला लावलं. उरलेली गुरं त्यावर कशीबशी तगली. म्हातारीने मात्र त्याचा भारा दारात उतरवू दिला नाही. तिच्या गोठ्यात खायला कुणी उरलंच नव्हतं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या तोंडचा घास अडवून काढलेलं चित्र कितीही सुंदर असो, ती चोरीच.