राहीआईची उशी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरावर गाडीरस्ता नव्हता, आणि कारवीच्या वाडीत झऱ्याचं पाणी आणायचं तर दरीत खाली उतरावं लागे. मध्ये बोलू नका, ऐका नीट. ही गोष्ट हसायची नाही.

त्या वाडीत राही नावाची एक बाई होती. तिचा नवरा लहानू. हिरड्याच्या झाडावर चढावं तर लहानूनंच. शेंड्याची फांदीसुद्धा त्याला ओळखायची असं म्हणतात. पण झाड ते झाड, त्याला काय माया? चैत्रात, ऐन हिरड्याच्या दिवसांत, फांदी मोडली आणि लहानू खाली आला. मांडीचं हाड कडकन मोडलं. चौघांनी त्याला घोंगडीत घालून घरी आणला. राही तेव्हा दोन जिवांची होती. सहावा महिना चालला होता.

खालच्या गावातून सोमा वैदू आला. त्यानं हाड ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या लावून बांधलं आणि निघताना म्हणाला, "हाड म्या बसवलं, पर धरायचं काम भाकरीचं हाय. दाबून खा, पोटभर पाणी पी. पाऊस लागायच्या आत उभा ऱ्हाशील." एवढं सोपं सांगितलं होतं हो त्यानं.

पण वाडीची एक जुनी रीत होती, मेली. बसल्या तोंडाला अर्धी भाकर. जो राबत नाही त्यानं अर्धीच घ्यायची. कुणी जबरदस्ती करायचं नाही, ज्याचा तोच लाजून अर्धी मागं सारायचा. आणि बसून खाणाऱ्याकडे बघायचं नाही, त्याला लाज वाटते म्हणून. ताट ठेवायचं आणि पाठ फिरवायची. राहीच्या आईनं तसंच केलं होतं, आजीनं तसंच केलं होतं. राहीनंही तेच केलं. ती सासरमाहेरचं वळण सोडून कुठं जाणार?

रोज सकाळी ती नाचणीची अर्धी भाकर आणि भाजीचं कोरड्यास त्याच्यापुढे ठेवायची, पाण्याचा तांब्या भरून द्यायची, आणि दाराकडे तोंड करून बसायची. थोड्या वेळानं पाठीमागून आवाज यायचा, "झालं गं." ती वळायची तर ताट रिकामं. मग ताट उचलून ती झऱ्यावर जायची, तिथून आली की हिरडा वेचायला.

पोट घेऊन दरी चढायची म्हणजे काय असतं, ते बायकांना विचारा. दोन खेपा करता करता तिचा जीव कंठाशी यायचा. एके दिवशी बघते तर हंडा अर्धा भरलेला. तिला इतका आनंद झाला! ती म्हणाली, "अगं बाई, आज पाणी पुरलं की!" लहानू खाटेवरून तिच्याकडे बघून हसला. त्या दिवसापासून पाणी रोज पुरायला लागलं.

एवढं एकच वाक्य बोलली होती बिचारी.

वैशाखाचं ऊन तापलं. लहानूचे गाल बसले, ओठ फाटले. राही म्हणायची, "धनी, लई वाळलात." तो म्हणायचा, "पडून पडून वाळतंय माणूस." त्याची उशी तेवढी दिवसेंदिवस उंच होत होती. तिनं विचारलं तर म्हणाला, "मान उंच असली की दारातून रान दिसतं गं." तिला वाटलं, झाडावर जगलेला माणूस, रान बघू दे त्याला.

वैशाख संपता संपता सोमा वैदू परत आला. त्यानं कामट्या सोडल्या, मांडी दाबली आणि त्याचं तोंड उतरलं. "हाडानं धरलंच नाही. ह्यो जेवतो का?"

"रोज जेवत्यात. ताट रिकामं असतं."

"तू बघितलंस?"

सोमानं लहानूचं तोंड उघडून जीभ बघितली. जीभ वाळून लाकूड झाली होती. मग धावाधाव झाली. कुणी दूध आणलं, कुणी कुळथाचं कढण आणलं, राहीनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याचमच्यानं पेज घातली. पेज ओठाच्या कडेनं खाली ओघळायची. खायची वेळ निघून गेली होती हो. तिसऱ्या दिवशी तो एवढंच बोलला, "राहे, उशी टाकू नगंस." तिला वाटलं, तापात बरळतोय. सूर्य माथ्यावर यायच्या आत लहानू गेला.

मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. दहावं झाल्यावर राही त्याची गोधडी आणि उशी घेऊन ओढ्याकडे निघाली. उशी जड लागली. हलवली तर आत खडखडलं. एका कडेचे टाके उसवलेलेच होते, तिनं आत हात घातला.

आत भाकऱ्या होत्या. अर्ध्या अर्ध्या, वाळून खापरी झालेल्या, प्रत्येकीचा एक घास तेवढा तोडलेला. आषाढात दाण्याची कणगी रिकामी होते, आणि तेव्हाच राहीचे दिवस भरणार होते. म्हणून त्यानं तिच्या बाळंतपणासाठी त्या साठवल्या होत्या. पाणी का पुरत होतं, तेही तिला तिथंच कळलं. ती रानात गेली की तो आपला तांब्या उशाशी असलेल्या हंड्यात परत ओतायचा. तिची एक खेप वाचावी म्हणून.

त्या दिवशी राही जी ओरडली, ती आरोळी समोरच्या डोंगरानं तीन वेळा परत म्हटली असं म्हणतात.

आणि ऐका, याहून वाईट पुढं आहे. आषाढ आला. कणगी खरंच रिकामी झाली. राही बाळंत झाली आणि घरात दाणा नव्हता. तेव्हा तिनं त्या भाकऱ्या पाण्यात भिजवून खाल्ल्या. खाव्याच लागल्या. प्रत्येक घासाला रडली, पण खाल्ल्या. पोरगी वाचली. तिच्या लेकीबाळी आजही वाडीत नांदतात.

पुढल्या चैत्रात शेजारचा गोमा झाडावरून पडला. पाय मोडला. राही पोर कडेवर घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. हातात आंबिलीचं गाडगं आणि खेकड्याचा रस्सा. ती त्याच्या खाटेसमोर मांडी घालून बसली.

गोमा लाजला. "वैनी, तोंड फिरवा की तिकडं."

"एकदा फिरवलं व्हतं," राही म्हणाली. "आता नाय फिरवणार. खा."

तो खाईपर्यंत ती हलली नाही. त्यानं तांब्या रिकामा केला, तेव्हा तिनं उठून त्याची उशी चाचपली आणि मगच घरी गेली. असं रोज, दोन्ही वेळा. मृग लागायच्या आत गोमा काठी टेकत अंगणात आला. वाडीनं ढोल वाजवला. राही मात्र घरात जाऊन दाराच्या चौकटीवर कपाळ आपटत होती. "ह्यो उठला! म्हंजे माजा बी उठला असता!"

तेच पुढं जन्मभर चाललं. जिथं कुणी पडलं, मोडलं, भाजलं, तिथं राही जायची. तिच्या गाडग्यातली आंबील कधी संपली नाही असं म्हणतात. ती उन्हाळ्यात हंडा घेऊन निघाली की झरा दरीतून चार पुरुष उंच वर चढून यायचा, असंही म्हणतात. तिनं भरवलेलं एकही माणूस दगावलं नाही. आणि जो जो उठला, त्या प्रत्येकाच्या मागं ती घरात जाऊन रडली. लोक म्हणायचे, "राहीआई, किती पुण्य जोडलंस!" ती म्हणायची, "पुण्य कसलं? हे येवढं सोपं व्हतं, बाबांनो. येवढंच करायचं व्हतं." पुढं ती म्हातारी झाली, वाकली, पण डोक्याखाली उशी तिनं कधी घेतली नाही.

ती गेली तीही कुणाच्या तरी खाटेसमोरच. त्या माणसानं शेवटचा घास खाल्ला, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "झालं, राहीआई." ती उठली नाही. डोळे उघडे होते आणि तोंड त्याच्याकडेच होतं.

कारवीच्या वाडीत अजूनही कुणी मोडून घरी पडलं की रोज एका घरातून गाडगं जातं. नेणारा पाठ फिरवत नाही, समोर बसतो आणि निघताना उशी चाचपतो. पाव्हण्यांना त्याचं नवल वाटतं. आता नळ आलाय, पाणी दारात आहे. तरी पडलेल्या माणसाच्या घरातली बाई, हंडा काठोकाठ भरलेला असला तरी, खाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणते, "पाणी संपलं हो, मी आणायला चालले." पाणी पुरलं, असं तिथं कुणी म्हणत नाही.