खेकडा नदीवर कसा पोचला

माणसं रस्ता न विचारता आपापल्या घरी बरोबर पोचत, तेव्हाची ही गोष्ट. एका खेकड्याचं डबकं आटलं. ऊन चढायच्या आत नदी गाठली नाही, तर त्याची सुकटच होणार होती.

त्यानं वाट विचारली, तर कावळा म्हणाला, "सोपं आहे, नाकासमोर चालत जा." खेकडा बिचारा तिरपाच चालणार! बाभळीला वळसा घालून तो परत तिथंच आला.

मोर म्हणाला, "आधी चाल सुधार. मान वर कर. हं, पुन्हा पहिल्यापासून!" आता खेकड्यानं मान आणायची कुठून?

तेवढ्यात डुंबायला निघालेली म्हैस दिसली.

"म्हशीबाई, नदी कुठं आहे हो?"

"ते सांगायला मला नाही जमत, बाबा. पण मी तिकडंच निघालेय. शेपटीला धर."

खेकड्यानं धरलं, पण नांगीनं! "अगं आई गं!" करत म्हैस उधळली, ती थेट पाण्यात.

कावळा आणि मोर अजून गावभर सांगतात, खेकड्याला वाट आम्हीच दाखवली. खेकड्याला कुणी वाट विचारली, तर तो एवढंच म्हणतो, "चल, मी निघालोच आहे. जरा तिरपं चालावं लागेल हं!"