रेवूच्या पायातला वाळा

एक होता ओहोळ. ओहोळाकाठी होता एक दगड. दगडाखाली होतं एक घर. एवढंसं! त्यात कोण राहायचं?

टिचकी चिचुंद्री!

नाक लांब, शेपटी लांब, बाकी सगळी टिचभर. चालायची कशी? तुरु तुरु, तुरु तुरु.

टिचकीची एक मैत्रीण होती. तिचं नाव रेवू. रेवू म्हणजे धोबीण पाखरू. करडी पाठ, पिवळं पोट. आणि शेपटी? शेपटी सारखी खाली-वर, खाली-वर. जरा म्हणून गप्प नाही.

थंडी पडली तेव्हा रेवू आली होती. लांबून, उडत उडत. मग काय! दोघी रोज भेटायच्या. रोज म्हणजे रोज. खेळायच्या, भांडायच्या, पुन्हा खेळायच्या.

पण थंडी संपली. ऊन चटचट भाजायला लागलं. रेवू म्हणाली, "टिचके, आमचा थवा आता परत जाणार. उद्या संध्याकाळी निघायचं."

  टिचकी घरी आली आणि विचार करत बसली. रेवूला काय द्यावं बरं?

किडा द्यावा? छे! ती खाऊन टाकेल.

फूल द्यावं? छे! ते सुकून जाईल.

"मी वाळा करते!" टिचकी म्हणाली. "मण्यांचा वाळा. रेवूच्या पायात घालायला. माझ्या हातानं केलेला!"

टिचकीकडे पाच मणी होते. मोहरीएवढे. जत्रा उठली तेव्हा कासारणीच्या दुकानाखाली सापडलेले. लाल, पिवळा, पांढरा, हिरवा आणि निळा. निळा सगळ्यात छान. तो बरोब्बर मध्ये घालायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, तशी टिचकी दोरा घेऊन बसली. लाल ओवला. पिवळा ओवला. निळा ओवला. पांढरा ओवला. हिरवा ओवला. झाला की वाळा! टिचकीनं तो ऐटीत उचलला.

अगं अगं अगं! दोऱ्याच्या टोकाला गाठ कोण मारणार?

घाई, घाई! घाईघाईत गाठच राहिली. मणी सुटले. टप, टप, टप, टप, टप!

लाल सापडला. पिवळा सापडला. पांढरा सापडला. हिरवा सापडला. निळा मात्र थांबेना. गुडगुड गुडगुड, गुडगुड गुडगुड. गेला उतारावरून खाली. गेला थेट खेकड्याच्या बिळात. वरून माती ढासळली. धप्!

गेला बाई निळा मणी!

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. खेकडा बिळाबाहेर बसला होता, नांग्या पुसत.

"खेकडेदादा, खेकडेदादा, बीळ उकर ना!"

"का गं?"

"मणी मिळत नाही.
मणी माझा निळा, त्याचा करायचा वाळा,
मैत्रीण माझी निघाली लांबच्या गावाला!"

खेकडा म्हणाला, "आणि माझी नांगी मोडली म्हणजे? माती बघ, कशी वाळून कडक झालीय. ओहोळ वाहू दे. माती भिजू दे. मग उकरीन."

आता काय करायचं? टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली ओहोळाकडे. ओहोळ कसला, नुसतं डबकं! जागच्या जागी थांबलेलं.

"ओहोळा, ओहोळा, वाहा ना!"

"का गं?"

"खेकडा उकरत नाही,
मणी मिळत नाही.
मणी माझा निळा, त्याचा करायचा वाळा,
मैत्रीण माझी निघाली लांबच्या गावाला!"

ओहोळ म्हणाला, "मला काय हौस आलीय थांबायची? ती म्हैस बघ, कशी वाटेत आडवी बसलीय. म्हैस उठू दे. वाट सुटू दे. मग वाहीन."

टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली म्हशीकडे. म्हैसच ती. पाण्यात बसली की बसली. डोळे मिटून रवंथ करत होती. चघळ चघळ, चघळ चघळ.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!"

"का गंऽऽ?"

"ओहोळ वाहत नाही,
खेकडा उकरत नाही,
मणी मिळत नाही.
मणी माझा निळा, त्याचा करायचा वाळा,
मैत्रीण माझी निघाली लांबच्या गावाला!"

म्हैस म्हणाली, "कशी उठू बाई? पाठीवर किडे चावतात मेले. चिखलात बसलं की जरा बरं वाटतं. बगळा येऊ दे. किडे टिपू दे. मग उठेन."

एव्हाना ऊन कलायला लागलं होतं. टिचकीचे पाय दुखत होते. पण बसून कसं चालेल? टिचकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गेली बगळ्याकडे. बगळा गवतात उभा होता, एकटाच, मान वाकडी करून.

"बगळेकाका, बगळेकाका, किडे टिपा ना!"

"का गं?"

"म्हैस उठत नाही,
ओहोळ वाहत नाही,
खेकडा उकरत नाही,
मणी मिळत नाही.
मणी माझा निळा, त्याचा करायचा वाळा,
मैत्रीण माझी निघाली लांबच्या गावाला!"

बगळा म्हणाला, "टिपले असते गं, भूक तर मलाही लागलीय. पण माझा पाय बघ. गवत गुंतलंय, गाठ बसलीय. पाऊल उचलत नाही."

टिचकीनं गाठीला नखं लावली. सुटेना. दात लावले. सुटेना. नाक खुपसलं. छे! मुळीच सुटेना.

बगळा म्हणाला, "तिथे बारीक चोच पाहिजे. त्या पलीकडच्या दगडावर एक पाखरू बसलंय, सकाळपासून. ते येऊ दे. गाठ सोडू दे. मग टिपीन."

टिचकी निघाली. तुरु तुरु... तुरु... तुरु. दिवसभर तेच तेच सांगून तिचा घसा पार बसला होता. आवाज कसा येत होता? खरर, खरर.

टिचकीला रडू यायला लागलं. संध्याकाळ होणार. रेवू जाणार. आणि वाळा तर झालाच नाही.

दगडावर एक पाखरू बसलं होतं. पंख फुगवलेले, मान पंखात खुपसलेली, नुसता पिसांचा गोळा. शेपटी गप्प. जरासुद्धा हलत नव्हती. कोण बरं असेल? टिचकीला कुठे ओळखू यायला!

"पाखरा, पाखरा, गाठ सोड ना!" खरर, खरर.

गोळ्यातून आवाज आला, रडका रडका. "का गं?"

"बगळा टिपत नाही,
म्हैस उठत नाही,
ओहोळ वाहत नाही,
खेकडा उकरत नाही,
मणी मिळत नाही.
मणी माझा निळा, त्याचा करायचा वाळा,
मैत्रीण माझी निघाली लांबच्या गावाला!"

पाखरू म्हणालं, "मला नाही जमायचं. मला मान वर करावीशीच वाटत नाही. माझी मैत्रीण आज आली नाही. रोज येते, आजच आली नाही. सकाळपासून वाट बघतेय मी. तिला येऊ दे. मला भेटू दे. मग सोडीन."

आता गं बाई! आणखी एकीला शोधायचं?

टिचकीनं डोळे पुसले. म्हणाली, "कोण तुझी मैत्रीण? सांग, मी आणते बोलावून."

पाखरू म्हणालं, "टिचकी. टिचकी चिचुंद्री."

टिचकीनं आ केला. तो तसाच राहिला.

"अगं... अगं रेवू! मीच की गं ती!"

पंखातून मान वर आली. गोल गोल डोळे. करडी पाठ, पिवळं पोट. आणि शेपटी? शेपटी लागली हलायला. खाली-वर, खाली-वर, खाली-वर!

"टिचके! तुझा आवाज असा काय झाला? आणि होतीस कुठे दिवसभर?"

"तुझ्यासाठी वाळा करत होते. मणी हरवला. मग मणी शोधत होते."

"आणि मी इथे बसले होते. एकटी."

टिचकीला फार वाईट वाटलं. दिवस सगळा मण्यापायी गेला होता. ती म्हणाली, "चुकलंच माझं. राहू दे तो मणी. आपण बसू इथेच."

"राहू दे कसा?" रेवू म्हणाली. "माझा वाळा आहे तो! मला पाहिजे! चल, दोघी जाऊ."

मग दोघी निघाल्या. एक तुरु तुरु, एक भुर्र भुर्र.

रेवूनं चोच घातली. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. सुटली गाठ!

बगळा उडाला. म्हशीच्या पाठीवर बसला. मटक् मटक्, मटक् मटक्. टिपले किडे!

म्हैस म्हणाली, "हाऽऽश!" मागचे पाय टेकले, पुढचे पाय टेकले. उठली म्हैस!

पाणी आलं धो धो, मग झुळझुळ, झुळझुळ. वाहिला ओहोळ!

माती भिजली. मऊ मऊ झाली. खेकड्यानं नांगी घातली. खरवड खरवड, खरवड खरवड. उकरलं बीळ!

आणि आत काय? चिखलानं माखलेला, एवढासा, निळा निळा... मिळाला मणी!

टिचकीनं तो ओहोळात धुतला. मग दोघी ओवायला बसल्या. आधी काय करायचं? आधी गाठ! रेवूनं दोऱ्याचं टोक चोचीत धरलं. टिचकीनं गाठ मारली, घट्ट. मग लाल ओवला. पिवळा ओवला. निळा ओवला. पांढरा ओवला. हिरवा ओवला. दुसऱ्या टोकाला पण गाठ मारली, आणखी घट्ट.

ओवता ओवता दोघी काय काय बोलल्या! दिवसभराचं सगळं बोलून घेतलं. टिचकी खरर खरर बोलत होती, तरी रेवूला सगळं कळत होतं.

मग दोन्ही टोकं पायाभोवती बांधली आणि वाळा रेवूच्या पायात बसला. अगदी मापाचा. रेवूनं पाय पुढे केला. पाय मागे केला. पुन्हा पुढे केला.

"किती छान गं, टिचके! माझ्याकडे असं काहीच नव्हतं कधी."

इतक्यात वरून थवा आला. "चिसिक! चिसिक! रेवू, चल! रेवू, चल!"

रेवूनं टिचकीच्या नाकाला चोच लावली. आणि उडाली. भुर्र! वर, वर, आणखी वर.

टिचकीला काहीतरी सांगायचं होतं. फार फार सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं. खरर. पुन्हा उघडलं. खरर. आवाज फुटेचना. रेवू तर चालली लांब!

खेकडा म्हणाला, "मला सांग. हळू सांग."

टिचकी कुजबुजली, "थंडी पडली की ये."

खेकड्यानं ओहोळाला सांगितलं, "थंडी पडली की ये."

ओहोळानं म्हशीला सांगितलं, "थंडी पडली की ये."

म्हशीनं बगळ्याला सांगितलं, "थंडी पडली की येऽऽ."

बगळ्यानं पंख पसरले. गेला उंच, गेला थव्यात. त्यानं रेवूला सांगितलं, "थंडी पडली की ये."

खाली सगळे वर बघत राहिले. टिचकी, खेकडा, म्हैस. ओहोळसुद्धा वर बघत हळू हळू वाहत होता. आकाश लाल झालं होतं. थवा ठिपक्याएवढा झाला. मग ठिपकाही दिसेना.

बगळा एकटाच परत आला. त्यानं म्हशीला काहीतरी सांगितलं. म्हशीनं ओहोळाला सांगितलं. ओहोळानं खेकड्याला सांगितलं.

खेकडा आला टिचकीजवळ. शेजारी बसला. म्हणाला, "येते म्हणाली. सगळ्यात आधी तुझ्याकडेच येते म्हणाली."

टिचकी रडली थोडी. मग हसली. मग खेकड्याला टेकून बसली, चांगला अंधार पडेपर्यंत.

टिचकीची गोष्ट सांगून झाली, ऐकणारी बाळं आता जांभया देतायत. पाय पोटाशी घ्या आणि झोपा बघू.