खेकड्याचं बीळ

बांधाच्या पोटात पाणी शिरलं की गुळगुळ असा आवाज येतो. चाळीस वर्षं झाली, पण त्या सकाळचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"धागा देता की नाही, बाबा?" बाळारामशेठ तिसऱ्यांदा विचारत होते.

लतीफबाबा फकीर. खाडीच्या बांधावर त्यांची झोपडी. रोज सकाळी ते आणि मी, त्यांचा चेला, बांधाला चिखल लावायचो. आतली भातशेती सगळी शेठची.

शेठ बसेनात. उठायचे, खाडीकडे बघायचे, परत यायचे. गालात तंबाखू.

"थोरला भाऊ लकव्यानं पडलाय. घास भरवावा लागतो. आणि काल..."

त्यांनी डावा हात पुढे केला.

"काल हा जेवताना लुळा पडला. ताटातच. जरा वेळानं आला ठिकाणावर."

"डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"गेलो ना! म्हणतो, रक्तदाब फार आहे. रोज गोळी घ्या. सुकी मासळी, पापड, लोणचं बंद. तंबाखू बंद. आणि रोज चाला म्हणे. मी काय पोस्टमन आहे?"

मला हसू आलं. बाबांना आलं नाही.

"सुक्या वाकटीशिवाय मला घास जात नाही, बाबा. चिमूटभर मिठानं एवढा माणूस पडतो होय? तुम्ही धागा द्या."

शेठ माणूस वाईट नव्हते. घाबरले होते.

बाबांनी झोळीतून काळा धागा काढला. शेठनी मनगट पुढे केलं.

बाबा त्यांच्या बाजूनं पुढे गेले. बांधात खेकड्यानं बीळ कोरलं होतं. त्यातून करंगळीएवढी धार शेतात उतरत होती. बाबांनी जवळच्या खुंटाला धागा गुंडाळला, गाठ मारली आणि येऊन बसले.

"चहा ठेव रे," मला म्हणाले.

गुळगुळ... गुळगुळ...

"बाबा, बीळ वाहतंय!"

"धागा घातलाय."

"धागा काय करणार त्याला? पुनव आहे आज. उधाण चढतंय!"

"खेकड्याचं बीळ ते, शेठ. केवढंसं..."

"केवढंसंच असतं! दुपारपर्यंत बांध फुटेल. सगळं शेत खारं होईल माझं!"

शेठनी धोतर खोचलं आणि चिखलात उतरले. गोळ्यावर गोळा भरला, टाचेनं दाबला. सगळं एकट्या उजव्या हातानं. डावा त्यांनी पोटाशी धरून ठेवला होता.

आवाज थांबला.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"आजचं झालं." शेठना धाप लागली होती. "उद्या परत बघावं लागेल. खेकडा दुसरीकडे कोरतो."

"रोज?"

"रोजच. तुम्हाला का ठाऊक नाही?"

बाबा उठले. खुंटाचा धागा सोडला, झटकला आणि शेठपुढे धरला.

"कुठं बांधू?"

शेठ धाग्याकडे बघत राहिले... मग चिखलाच्या हाताकडे.

बांधाच्या टोकाला जीप उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं. शेठ त्याच्यासमोरून चालतच घराकडे गेले.