वर झालेले हात

देशावर गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, संशोधन करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत एक वृद्ध डॉक्टर होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचा एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू, आणि साहेबाने पाठीवर हात ठेवला की दिवसभर हवेत तरंगणारा.

त्या साली प्रयोगशाळेत पटकीची एक नवी लस तयार झाली. ससे झाले, माकडं झाली. काही माकडं जगली, काही तडफडून मेली, आणि ती का मेली हे कुणालाच नीट उमगलं नव्हतं. पण प्रयोगशाळेच्या साहेबाला घाई होती. विलायतेत दुसरा कुणी त्याच शोधाच्या मागे लागला होता आणि साहेबाला आपलं नाव आधी छापून यायला हवं होतं. त्याने शिष्याला बोलावून सांगितलं, "तुरुंगात कैदी आहेत. राजीखुशीने तयार होतील त्यांनाच टोचायचं. आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही." केवढा हा न्यायीपणा! बेड्या घातलेल्या माणसाची राजीखुशी!

शिष्य तुरुंगात गेला आणि दुपारच्या आत परतला. चेहरा फुललेला.

"आबा, झाडून सगळे तयार आहेत! लस नवी आहे, तिच्यात धोका आहे, हेही मी स्पष्ट सांगितलं. मग म्हटलं, ज्यांची तयारी असेल त्यांनी हात वर करा. एकाचाही हात खाली राहिला नाही."

आबांनी हातातली काचनळी खाली ठेवली. "जेलर कुठे होता?"

"माझ्या शेजारीच. त्यानेच त्यांना रांगेत बसवलं."

"उद्या मी तुझ्याबरोबर येतो. तोवर कुणाला सुई लावायची नाही," आबा म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैदी अंगणात उकिडवे बसले होते. जेलर आणि हातात वेत घेतलेले शिपाई बाजूला उभे. आबा पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "ज्यांना ही लस नको असेल, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले.

शिष्य गोंधळला. "आबा, काल तर हे..."

आबांनी त्याला थांबवलं. "आता, काल रात्री जे मेले असतील, त्यांनी हात वर करा."

पुन्हा सगळे हात वर झाले. जेलर खो खो हसला. शिष्यालाही हसू आलं. त्याला वाटलं, म्हातारपणी यांचं डोकं फिरलं की काय? पण आबांच्या डोळ्यांत अंगार होता.

"हसू येतंय तुला?" ते शिष्यावर कडाडले. "रोज सकाळी हजेरीला इथे हात वर करायचा असतो. ज्याचा हात मागे राहतो, त्याच्या पाठीवर वेत बसतो. शब्द कोण ऐकतो इथे? आवाज आला की हात वर! आणि तू त्याला संमती समजलास. प्रयोगशाळेतलं माकड टोचताना दोन माणसं लागतात ना रे? ते चावतं, ओरबाडतं. त्याला निदान 'नको' म्हणता येतं. या माणसांजवळ आपण तेवढंही ठेवलं नाही, आणि वर म्हणतो, सगळे राजी आहेत! लाज वाटायला हवी तुला. मलाही वाटते."

मग त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, उन्हात धरली आणि जेलरला अगदी गोड आवाजात म्हणाले, "आत पटकीचे जंतू आहेत. म्हाताऱ्याचा हात कापतो हो, कधी सुटेल सांगता येत नाही." जेलर आणि शिपाई पाहता पाहता फाटकाबाहेर झाले. बाटलीत साधं पाणी होतं.

"आता एकेकाजवळ जाऊन बस," आबा शिष्याला म्हणाले. "उभ्याने विचारू नकोस."

शिष्य पहिल्या कैद्यासमोर जमिनीवर बसला. त्याचं नाव हैबती. सरकारी जंगलातली लाकडं तोडली म्हणून आत आलेला. शिष्याने त्याला सगळं पुन्हा सांगितलं आणि विचारलं, "टोचून घ्याल का?"

हैबतीने आधी फाटकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सायब, ह्ये इचारताय का सांगताय?"

"विचारतोय."

"मग नगं," हैबती म्हणाला. आणि लगेच दोन्ही हातांनी डोकं झाकून मान खाली घातली. मार बसायची वाट बघत.

"बरं. नको तर नको," शिष्य म्हणाला आणि पुढच्याकडे सरकला. बहुतेकांनी नकोच म्हटलं. एक जण मात्र म्हणाला, "माजी पोरगी पटकीनं गेली. मला टोचा. दुसऱ्या कुनाचं तरी लेकरू वाचंल."

शिष्याने परत येऊन हे सांगितलं तेव्हा साहेब भडकला. "काल सगळे तयार होते! जेलरला बरोबर घे आणि उद्या पुन्हा विचार. नाहीतर इथलं तुझं काम संपलं."

शिष्याने आबांकडे पाहिलं. आबा खिडकीबाहेर पाहत होते. कित्येक वर्षांची मेहनत, साहेबाची मर्जी, उद्याचं नाव, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. साहेबासमोर तो शब्द त्याने आजवर कधी उच्चारलाच नव्हता.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

"माझंही तेच," आबा म्हणाले.

दोघे बाहेर पडले. फाटकापाशी शिष्य थांबला. "आबा, एवढासा शब्द! पण बोलताना जीव गोळा झाला."

"तुझं फक्त काम जाणार होतं," आबा म्हणाले. "आणि हैबतीचं?"

सगळ्यांची संमती आहे, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला एवढंच विचारावं: नाही म्हणणाऱ्याचं तुम्ही काय केलं असतं?