शेवग्याच्या फांदीवरचा फोन

डोंगराआडच्या वाडीत पार्वताक्कांच्या घरात मोबाइलला रेंज नव्हती. थोडीफार मिळे ती अंगणातल्या शेवग्यावर, म्हणून फोन पिशवीत घालून फांदीला टांगलेला असे. लेक पुण्याला दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती. जावयाचा फोन कधीही येईल, म्हणून आक्कांचा सगळा जीव त्या पिशवीत.

अशात दुसऱ्या मोबाइल कंपनीचे मोठे साहेब, धारप, सिमकार्डं खपवायला आले. पिशवी बघून हसले. "फोन म्हणजे काय शेंग आहे, झाडाला लोंबायला? आमचं कार्ड घ्या. माजघरात, चुलीपाशी, सगळीकडे फुल रेंज!"

आक्कांना मोह झाला. पण कार्ड बदललं आणि नेमका तेव्हाच फोन आला तर? त्यांनी साहेबांना चुलीपाशीच पाट दिला.

साहेब सांगत सुटले, "माझ्यावाचून कंपनीचं पान हलत नाही. सारखे फोन! लोक दोन घास सुखानं खाऊ देत नाहीत."

पोहे झाले, चहा झाला. आक्कांचा कान शेवग्याकडेच. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, दोन घास काय, तुम्ही बशीभर पोहे सुखानं खाल्लेत. एक तर इथं तुमच्या कंपनीला रेंज नाही, नाहीतर तुम्हाला कुणी विचारत नाही. खरं काय ते सांगा, मग कार्डाचं बघते."

साहेबांनी खिशातला फोन काढून पाहिला आणि परत खिशात घातला.

तेवढ्यात शेवगा वाजला. आक्का अनवाणी धावल्या. "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

साहेब मागोमाग आले, झाडाखाली घुटमळले आणि हळूच म्हणाले, "आक्का, तुमचं बोलून झालं की ऑफिसला एक फोन लावू द्याल?"