सगुणाबाईच्या पदराच्या सात गाठी

शेवंतीच्या मळ्यांनी पिवळ्याधमक झालेल्या एका गावात बकुळा राहायची. वय पंधरा, परकराला तीन ठिगळं, पण मन म्हणाल तर लोण्याचा गोळा. वडील नव्हते. दोघी मायलेकी दुसऱ्याच्या मळ्यात हार ओवायच्या, तेव्हा कुठे घरात चूल पेटायची.

शनिवारी दुपारी शाळेत दहावीचा निरोप होता, आणि निरोपाला मुलामुलींचा नाच. बकुळाचे पाय आठवडाभर आपोआप ठेका धरत होते. तिची आई सगुणाबाई मात्र काळजीने पोखरली होती. काळजी विसरायला नको म्हणून ती बाई पदराला गाठ मारायची. परतीच्या वाटेची एक, सोबत नाचणाऱ्या मुलांची एक, अशा सात गाठी झाल्या आणि ती म्हणाली, "नाही जायचं."

शनिवार उजाडला, आणि बकुळा मुकाट्याने मळ्यात ओवायला बसली. सुई टोचण्याआधी ती प्रत्येक फूल उघडून बघायची. आत एखादी मधमाशी झोपलेली असली तर? आज एका शेवंतीत चिमुकली परी निघाली, पंखांवर सोनेरी परागांची भुकटी.

"वाचवलंस गं बाई," परी म्हणाली. "माग एक इच्छा."

"आईच्या गाठी सोड."

"सोडते की. पण नियम ऐक. सुटलेली काळजी परत येत नाही. तू जेवलीस का, हेसुद्धा ती मग कधी विचारायची नाही."

बकुळाला नाच हवा होता, फार हवा होता. तरी ती म्हणाली, "मग राहू दे. गाठींत काय आहे, तेवढंच कळू दे."

परीने पंख हलवले. सहा गाठी बकुळाला ठाऊकच होत्या. सातव्या गाठीत एक पंधरा वर्षांची मुलगी रडत होती. ती आईच होती. एकदाच जत्रेत नाचली, लोक नाही नाही ते बोलले आणि घरच्यांनी तिची शाळा सोडवली.

बकुळा धावत जाऊन आईला बिलगली. "आई, तुझी शाळा सुटली, म्हणून भितेस ना? माझी नाही सुटायची. तू आहेस ना माझ्या बाजूने."

सगुणाबाईने पदराची सातवी गाठ चाचपली. मग डोळे पुसून म्हणाली, "जा. मी न्यायला येईन."

तशी परी लखलखली, ठिगळांवर सोनेरी बुट्टे उमटले आणि ती उजेडात विरून गेली.

"बकुळे," सगुणाबाई लाजत म्हणाली, "पाय कसा टाकायचा, मला दाखव की."

आणि त्या दुपारी मळ्यात आधी आई नाचली.